हरिप्रसादची दाढी आणि अप्पांचा वस्तरा

कुंभकोणम्,
रविवार, जेवणानंतर

चि. राजगोपाल यास व्यंकोबाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुम्हां उभयतांचे क्षेम कळवीत जावे असे मी फोनवर कितीदा सांगितले, तू कळवीत नाहीस, तेव्हा यापुढे विचारणार नाही. गुडघा कसा आहे? राजेश्वरीचा रक्तदाब? (विचारणार नाही म्हटले तरी राहवत नाही.) फोन सोडून पत्र कशाला, असे म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि माझे प्रत्येक वाक्य वत्सला स्वयंपाकघरातून दुरुस्त करते. पत्रात हे दोन्ही त्रास नाहीत.

तर विषय आपल्या जावयाच्या दाढीचा आहे. बायको गरोदर असताना नवऱ्याने दाढीला हत्यार लावायचे नाही ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहेच (तू स्वतः उमेशच्या वेळी किती खाजवायचास, तेही मला ठाऊक आहे). हरिप्रसादने ती पाळली. वर तिरुक्करुगावूरच्या अम्मन देवीला नवस बोलला, की बाळाला तुझ्या पाळण्यात घालीन त्या सकाळीच दाढी काढीन. आता मधुमिताची मुलगी दीड महिन्याची झाली, पुढच्या महिन्यात तिला घेऊन जायचे आहे, आणि दाढी छातीपर्यंत आली आहे. पोर ती मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. हरिप्रसाद समोरच्या खोलीत बसून चेन्नईचे ऑफिस चालवतो, तेव्हा पडद्यावरची माणसे त्याला नमस्कार करतात म्हणे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण पंधरा दिवसांपूर्वी व्याही रविशंकर आले असता माझ्या तोंडून निघून गेले, की आमच्या घरात नव्या बापाची दाढी अप्पांच्या वस्तऱ्यानेच उतरते. माझी उतरली, माझ्या भावाची, गोपूची उतरली, हरिप्रसादचीही उतरेल, आणि माझ्या हाताने उतरेल. व्याह्यांना ते इतके आवडले की त्यांनी तिथल्या तिथे फोटोवाला ठरवला. आता माघार घेतली तर त्यांच्यासमोर माझे नाक कापले जाईल आणि पुढे सरकलो तर हरिप्रसादचे.

कारण वस्तरा चालत नाही. मूठ तशीच आहे, पाते तसेच रुंद आहे, चमकते इतके की त्यात मला माझी काळजी दिसते. पण धार गेली. मणीला दाखवला (पोट्रामरै तळ्याजवळचा मणी, त्याचा बाप अप्पांचे केस कापायचा). त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. म्हणाला, ‘सार, हा पूजेत ठेवा.’ हल्ली त्यांच्याकडे पाते बदलायचा वस्तरा असतो. साधे ब्लेड कागदासकट मध्ये मोडायचे, अर्धे खाचेत सरकवायचे, गिऱ्हाईक उठले की फेकून द्यायचे. रोगराईची भीती नाही, धार लावणे नाही. मी म्हटले, अरे, ज्याला रोज नवे पाते लागते त्याला वस्तरा कसे म्हणायचे? तो म्हणाला, ज्याला रोज कापता येत नाही त्याला तरी कसे म्हणायचे. माणूस चांगला आहे, पण त्याच्याशी वाद घालू नये.

मी न्यायी माणूस. दोन्हींची परीक्षा घ्यायची ठरवली. अप्पांचा वस्तरा प्रथम कोवळ्या कोहळ्यावर चालवला. कोवळ्या कोहळ्याला लव असते, आणि तो तक्रार करत नाही. लव निघाली, सोबत सालही निघाले, आणि वत्सलाने त्या दिवशी कोहळ्याचे कूटू केले ते माझ्याशी न बोलता केले. मग मणीचा वस्तरा मागून आणला आणि स्वतःच्या गालावर चालवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. अप्पांचा वस्तरा जड आहे. तो आपल्या वजनाने उतरतो, हाताने नुसते सोबत जायचे. हा नवा हलका, काडीसारखा. मी सवयीने वाट पाहिली, तो उतरेना. म्हणून किंचित दाबला. तिसऱ्या दिवशी मिठाईवाल्याने चौकशी केली, की मांजर पाळले आहे का.

तेव्हा पुन्हा अप्पांच्याच वस्तऱ्याकडे वळलो आणि हरिप्रसादला म्हटले, कानाखाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, बोटभर करून पाहू. मुलगा सोन्यासारखा. साबण लावून बसला, डोळे मिटले, सासऱ्याला ‘मामा, मेल्ल मेल्ल’ एवढेच म्हणाला. मी हळूहळूच ओढले. केसही हळूहळूच आले, पण कापून नव्हे, मुळापासून. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले तरी तो उठला नाही. मीच थांबलो. आता त्याच्या डाव्या कानाखाली उपटलेल्या शेतासारखा एक तुकडा आहे, आणि ऑफिसच्या बैठकीत तो उजवीकडूनच बोलतो. (नवस मोडला का, ते गुरुजींना विचारले. ते म्हणाले, काढली तर मोडतो, उपटली तर तपश्चर्या.)

तरीही माझे मत लिहून ठेव. मणीचा वस्तरा सोयीचा आहे, स्वच्छ आहे, गालाला गुळगुळीत करतो. पण अप्पा दाढी करायचे तेव्हा घर जागे व्हायचे. खिडकीपाशी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला जायचा, पाठ पुढे, धार मागे, आणि तो सट्-सट् आवाज ऐकत आपण अंथरुणात पडून असायचो. म्हणजे मी पडून असायचो. तुला पट्ट्याचे टोक धरायला उठावे लागायचे. मला तो आवाज फार आठवतो, गोपू.

राजेश्वरीस आशीर्वाद. उमेशला म्हणावे, आजोबांच्या गावी येऊन जा.

तुझा,
व्यंकोबा

ता. क. वस्तऱ्याचा दोष नाही, तो कित्येक वर्षांत पट्ट्यावर गेलेला नाही. वाटणीत वस्तरा मला आला आणि पट्टा तू मागून घेतलास. मधुमिताने मोबाइलवर तुझ्या पुण्याच्या नव्या घराचा फोटो दाखवला. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत तो पट्टा आहे आणि खाली लिहिले आहे, ‘तंजावर दरबारातील पूर्वजांच्या तलवारीचा पट्टा’. आपले पूर्वज दरबाराच्या मुदपाकखान्यात नारळ मोजून घ्यायचे. तलवार त्यांनी पाहिली असेल तर लांबूनच. पुणेकर आपल्या मराठीला हसतात, त्यांच्यावर वजन पडावे म्हणून तू हे केलेस, मी समजू शकतो. पण तो पट्टा मला हवा आहे. चौकट रिकामी दिसू नये म्हणून वीज खात्यातल्या नोकरीतला माझा पँटचा पट्टा सोबत पाठवतो आहे. बक्कल तेवढे मागे वळव.

ता. क. दुसरा. कुरियरने पाठवू नकोस. हरवतात. स्वतः घेऊन ये.

भावजींना वत्सलाचा नमस्कार. यांनी पाकिटाला लावायला डिंक मागितला म्हणून वाचलं. दहा वर्षं झाली, हे मणीकडेच दाढी करवून घेतात, त्याच अर्ध्या ब्लेडनं, आणि आरशात बघून ‘भेष’ म्हणतात. हरिप्रसादनं मणीला सांगून ठेवलंय, देवळाच्या दिवशी पहाटेच याय म्हणून. फोटोपुरता यांचा वस्तरा गालाला टेकवायचा, सेरी, झालं म्हणून मोकळं व्हायचं. तेव्हा दाढीसाठी पट्टा नक्को. पण तुम्ही याच. रोज सकाळी हे वस्तरा उघडून खिडकीपाशी उभे राहतात, डाव्या हातात टॉवेलचं एक टोक. दुसरं मी धरते म्हटलं, तर नक्को म्हणतात, ते गोपूचं काम.