सापडलं नाही आणि शोधता आलं नाही

प्रिय दादा,

रागावून का होईना, पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलले असते तर तू 'बघू' म्हणून विषय बदलला असतास.

राऊ गावच्या कॉलेजात तू नेमकं करतेस काय, असं मला चिडवतोस ना? मेल सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, बघते. आलेली मेल कोणाची, हे सर्व्हर डेटाबेसला विचारतो. गेल्या आठवड्यात डेटाबेस बंद पडला आणि आमच्या अनीशने चुकीचं सेटिंग केल्यामुळे सर्व्हर सगळ्यांना सांगत सुटला, या नावाचं इथे कोणी नाही. सरांना मेल पाठवणाऱ्या धारच्या एका मुलीला वाटलं, तिचे सर कॉलेज सोडून गेले. बिचारी रडत ऑफिसात आली, आणि सर शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेले! अनीश म्हणतो, "मॅडम, नाम मिला नहीं, तो यही बोलेगा ना." मी तापलेच. नाव सापडलं नाही आणि नाव शोधताच आलं नाही, यात काही फरक आहे की नाही? अशा वेळी 'आत्ता सांगता येत नाही, नंतर पाठवा' एवढंच म्हणायचं असतं. मग पाठवणारा सर्व्हर न कंटाळता पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

बोलता बोलता मला तू आठवलास. दिवाळीत तू पुण्याहून फोन केलास, तेव्हा बाबा म्हणाले, "नीरज? नीरज नावाचं आमच्याकडे कोणी नाही हो." त्यानंतर तू त्यांच्याशी बोलणंच सोडलंस. लागलं असणारच तुला. पण तू पुसला गेलेला नाहीस रे. परवा केस विंचरता विंचरता ते आपणहून म्हणाले, नीरजची गाडी लेट दिसतेय, त्याचे पोहे झाकून ठेव. मी खरंच झाकून ठेवले. डॉक्टर म्हणतात, असे क्षण आता कमी होत जातील.

काल ऑफिसातून आले, तर बाबांनी दार उघडून अदबीनं विचारलं, "किससे मिलना है, बेटाजी?" दादा, ते जन्मात कधी माझ्याशी हिंदीत बोलले नव्हते. हिंदी फक्त बाहेरच्यांशी. "गोपीनाथजी से," मी बाबांचंच नाव सांगितलं. ते खूश झाले, मला आत बसवलं, पाणी आणून दिलं. मी पाहुण्यासारखी ते प्यायले. आई गेल्यापासून एकटीनं रेटलं, आता झेपत नाही. तू ये. या घरात मला शरू म्हणणारं कोणीतरी हवंय.

तुझीच,
शरू