अळणी कढी

प्रिय आई,

आज तुमच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक बिघडला आणि तुमची ही सून खुशीत आहे! नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, हा तुमचाच नियम. त्यात कढीत मीठ घालायचंच राहिलं. गुरुजी बिचारे मुकाट्याने भुरकून गेले. पण पुढे जे झालं, ते तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही गेल्यावर तुमच्या लाडक्या नातीने, मुक्ताने, जेवण जवळजवळ सोडलंच. कॉलेजात कुणीतरी 'मोटी' म्हटलं, एवढंच निमित्त. आरशासमोर रडायची, मैत्रिणींना टाळायची. एकदा नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढताना चक्कर येऊन पडली. माझं तर धाबंच दणाणलं.

आणि तुम्ही! ई-रिक्शावाला तुमचा भारदस्त देह पाहून म्हणायचा, "अम्मा, बीच में बैठिए, गाड़ी सँभल जाएगी." सगळ्यात मोठ्याने तुम्हीच हसायचात. तसं हसायला पोरीला कसं शिकवायचं, ते सांगून का नाही गेलात?

मला शिकवलंत काय, तर आग्रह! 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी. मीही तेच केलं. ती हात आडवा धरायची, मी बोटांच्या फटीतून भात वाढायची. मग ती ताटावरून उठून दार लावून घ्यायची. शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वज़न बाद में देखेंगे. पहले खाने का डर जाने दीजिए. साथ बैठिए, मगर ज़बरदस्ती परोसिए मत."

आग्रह नाही? आपल्या घरात? तेव्हापासून तोंडाला कुलूप लावून तिच्याशेजारी जेवते आहे.

आज मुक्ताने कढीचा घोट घेतला आणि फिसकन हसली. "आई, यात नमकच नाही! आजी असती ना, तुझी क्लास लावली असती!" मग मीठ कालवून वाटी संपवली आणि स्वतःहून पुढे केली. किती महिन्यांनी! मी पळीभर वाढली. "बस," ती म्हणाली. पातेल्यात भरपूर कढी उरलेली, हात नुसता शिवशिवत होता. पण थांबले. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि जेवत राहिली. मला रडूही येत होतं आणि हसूही.

एवढ्याने ती बरी झाली असं नाही, कळतं मला. पण आई, शब्द देते. यापुढे या घरात मुक्ताचं 'बस' म्हणजे बस. तुम्ही वरून कितीही डोळे वटारलेत तरी!

तुमचीच ऐकणारी आणि न ऐकणारी,
वैशाली