उजवी पाकळी

४ नोव्हेंबर
पोहण्याची निवड चाचणी, दोनशे मीटर. तेजस्वी पहिली, माझी लेक रिया दुसरी. मध्ये जेमतेम सव्वा सेकंद! चाचणी घ्यायला आलेल्या पुण्याच्या सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. खाडीत पोहायला शिकलेली पोर, आणि ही वेळ! त्यांच्या निवासी क्रीडा केंद्रात जिल्ह्याला एकच जागा, ती तेजस्वीला. वीस तारखेपर्यंत बापाची सही हवी. चौदा वर्षं या शाळेत शिट्टी फुंकतोय, आज वाटलं फुकट नाही गेली.

७ नोव्हेंबर
सहीसाठी शंकरकडे, म्हणजे तेजस्वीच्या बापाकडे. जाळं दुरुस्त करत होता. "मास्तर, माजा चेडू पवता ता माका ठावक आसा. पण त्या कपड्यात पेपरात फोटो येतलो. उद्या तिका पदरात कोण घेतलो?" मग म्हणे, देवाक इचारूया. कौल दिल्यान तर धाडतलंय.

डोकंच फिरलं! दुसरीकडे पोरं पाचव्या वर्षी तलावात उतरतात, आमची सही देवाला लावलेल्या फुलाच्या पाकळीवर अडते. आणि चार वर्षांनी टीव्हीसमोर बसून हेच विचारणार, एवढा मोठा देश, पदकं का नाहीत?

१२ नोव्हेंबर
देवळात गेलो. पुजाऱ्याने देवाला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी तर नाही. गाऱ्हाणं सुरू झालं.
"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू गावातच रवला तर तेचा बरा करशील मां?"
"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवयीने मीही!
उजवी पडली.

शंकरने प्रश्नच उलटा घालून दिला होता. देव बिचारा काय करणार! तेजस्वी खांबाजवळ उभी होती. माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली.

१५ नोव्हेंबर
शंकरशी भांडलो. पोरीची माती करतोस म्हटलं. तो जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "तुमची रिया दुसरी इली मां? तुमी धाडशात तिका?"
डोळे मिटून धाडेन, म्हटलं!

१९ नोव्हेंबर
तेजस्वी आजही शाळेत नाही. बाजारात आईशेजारी पाटी घेऊन बसली होती. "सर, सुरमई ताजी आसा," म्हणाली. घेतली.

२१ नोव्हेंबर
पुण्याहून फोन. जागा रिकामी आहे, दुसऱ्या नंबरची मुलगी पाठवता का? रिया दारातच उभी होती, श्वास रोखून. मी म्हटलं, तिचा डॉक्टरीचा क्लास सुरू झालाय सर, नाही जमणार.
कौलसुद्धा लावला नाही.