भावी सरपंचाचा ट्रॅक्टर

खालची वस्ती, ता. अंबड
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेणूस, काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करणार होतो, पण घरातला फोन तुझ्या भावाच्या, सर्जेरावच्या हातात असतो आणि लिहायचं त्याच्याविषयीच आहे, म्हणून पत्र. तुझ्या अप्पांचा ट्रॅक्टर वावराची एक बाजू होत नाही तोवर उकळतो. सर्जेराव म्हणतो, भंगारात देऊन टाकू. तुझी आई म्हणते, मालक गेले, आता त्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज बी विकता का?

काल मी रेडिएटर उघडला. शी! बोअरच्या खारट पाण्याचा गंज, गळती थांबावी म्हणून सर्जेरावच्या दोस्तांनी ओतलेली हळद, आणि वरून फोडलेली अंडी. सगळं शिजून सडलेलं. त्या वासानं मला रात्री भाकर गेली नाही. हीच पोरं त्याचे 'भावी सरपंच'चे बॅनर बांधत दिवसभर फिरतात, गावात एक खांब सोडलेला नाही. हात लावतील तिथं घाण.

टेम्परेचरचा काटा तर कधीचा बंद आहे. जालन्यात चांगला मिळाला तर पाठव. वहिनींना मी शब्द दिलाय की ट्रॅक्टर विकू देणार नाही.

तुझा काका,
म्हस्कू

जुना जालना
१२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस, रेणूचा शि. सा. न. वि. वि.

काटा अंबडच्या टेंपोबरोबर पाठवते आहे. त्याची तांब्याची नळी मुडपू नका, कापू तर मुळीच नका. इंजिन थंड झाल्यावर पाणी काढा आणि नळीच्या टोकाचा गोळा जुन्याच्या जागी हेडला बसवा. रेडिएटर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. फॅनचा पट्टाही ताणून बघा. अप्पांनी मला हे सगळं शिकवलं, तेव्हा सर्जेदादा पारावर बसलेला असायचा.

अंड्यांचं वाचून मी ऑफिसात डबा तसाच बंद केला. अंडं कालवणात टाकतात, हे भावी सरपंचाला कोणी सांगायचं? परवा त्याचा फोन आला होता. आई कशी आहे विचारलं तर म्हणाला, बराबर आहे, आणि मग मतांचं पुराण लावलं. भाऊ आहे म्हणून ऐकलं, पण वीट आला.

आणि काका, रेडिएटरपुढची हवेची जाळीही बघा. अप्पा रोज जेवायच्या आधी ती कुंच्यानं झाडायचे.

आईला जपा. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली,
रेणू

खालची वस्ती
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेणूस, अ. आ. वि. वि.

काटा बसवला. रेडिएटर धुतला, पट्टा ताणला. तरी अर्ध्या वावरात काटा लाल पट्टीत गेला. मी हात टेकले. सर्जेराव खुशीत भंगारवाल्याला फोन लावायला निघाला. तेवढ्यात तुझं जाळीचं आठवलं आणि मी पुढं जाऊन बघितलं.

जाळी दिसेल तर ना! दसऱ्यापासून तिच्यावर त्याचं बॅनर तारेनं आवळलेलं. एका बाजूला हात जोडलेला भावी सरपंच, मधोमध गोलात अप्पा, खाली 'वडिलांचे आशीर्वाद'. अप्पांचा फोटो म्हणून आम्ही येताजाता नमस्कार करत होतो, त्याला हात लावायची छाती कोणाची? माझीही नव्हती. आत हवाच जात नव्हती. बॅनर सोडलं, तर दिवसभर काटा हिरव्यात राहिला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर्जेराव म्हणाला, बॅनर काढलं तर लोकांना मी दिसणार कसा? हवेपुरतं भोक पाडतो. पाडलंही. सकाळी बघतो तर बॅनर परत जाळीवर, त्याचा चेहरा जसाच्या तसा आणि अप्पांचा गोल ब्लेडनं कापून काढलेला. वर मलाच सांगतो, काका, जाळीच्या बराबर मधी तेच येऊन राह्यले होते, मी काय करू? कापलेले अप्पा खुराड्यावर, दगडाखाली. रेणू, मला किळस आली गं. रेडिएटर निदान धुऊन तरी निघाला.

वहिनींनी तो दगड बाजूला केला. अप्पांचा गोल पुसून घरात लावला. उरलेलं बॅनर सोडून शेळ्यांखाली अंथरलं, तोंड वर करून. चावी पदराला बांधली. सर्जेराव ती मागायला आला तेव्हा म्हणाल्या, चावी रेणूला देईन, अन् तुला माझं मत बी न्हाई.

लवकर ये. आता जेवायच्या आधी जाळी त्याच झाडतात.

तुला आशीर्वाद, आणि ते छापलेले नाहीत.

तुझा काका,
म्हस्कू