इस्त्रीला हात लावू नकोस

दि. १४, रविवार, सकाळ

प्रिय आई,

नमस्कार. मावशीलाही सांग. पण हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस. ती वाचेल, तिचा चेहरा पडेल, आणि मग तू तिला खोदून खोदून विचारशील. त्यापेक्षा तूच वाच. चष्मा लाव आणि उशीला टेकून वाच.

इकडे सगळं ठीक आहे. समोरच्या बेकरीवाल्यानं दार निळं रंगवलंय आणि येईल त्याला विचारतोय, कसं दिसतंय म्हणून. उद्या तो मावशीच्याच गावी निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. तुझ्या कुंड्यांना मी रोज पाणी घालत होतो, तुझी सून म्हणाली मुळं कुजतील, म्हणून आता एक दिवसाआड घालतो. बाबांची आंघोळ बऱ्यापैकी जमायला लागलीय. पहिल्या दिवशी त्यांच्यापेक्षा मीच जास्त भिजलो. शर्टाची बाही आधी कुठल्या हातात घालायची यावरून आमची रोज झटापट होते. हे सगळं एकटीनं उरकून तू वर गुणगुणत कशी असायचीस, देव जाणे. माझी तर कंबर धरलीय. तुझ्या सुनेला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू आईंना 'मी सांभाळतो' म्हणालास ना, त्याच दिवशी मी रजेचा अर्ज टाकला." तिची रजा मिळेपर्यंत पहिला आठवडा मीच एकटा घरी होतो, आणि जे काही झालं ते त्याच आठवड्यात झालं.

तर ते सांगतो.

काल फोनवर तू विचारलंस, बाबा कुठायत. मी म्हटलं, झोपलेत. ते झोपले नव्हते. समोरच बसले होते. मी फोन पुढे केला तर त्यांनी मान फिरवली. तुला माझ्या आवाजावरून काहीतरी कळलंच, कारण तू लगेच म्हणालीस, "तू काहीतरी लपवतोयस, मी मंगळवारी निघते." फोनवर खुलासा करता येत नाही. दोन खोल्यांचं घर, बाबांचे हात थरथरतात पण कान शाबूत आहेत. मी उगाच काहीबाही सांगून वेळ मारून नेणार होतो. तुझी सून म्हणाली, खरं लिही, संशयानं त्या नक्की निघतील, खरं कळलं तर कदाचित थांबतील.

आई, जाताना तू मला दोनदा बजावलं होतंस. बाबांनी शिवलेले कपडे कुणाला द्यायचे नाहीत, गिऱ्हाईक आलं तर थांबायला सांग, आणि इस्त्रीला हात लावू नकोस. मला वाटलं, मी कपडे जाळीन म्हणून सांगतेयस. म्हटलं, दाखवूच आता, तुझ्या ठोंब्यालाही काही येतं. पीटीच्या सरांची पँट बाबांनी शिवून ठेवली होती. मी ती छान इस्त्री केली, घडी घातली, कागदात बांधली आणि नेऊन दिली. येताना शीळ घालत आलो.

दुसऱ्या दिवशी सर आले ते कमरेला स्वेटर बांधून. मैदानावर मुलांना पायाचे अंगठे धरून दाखवायला वाकले आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. बिचारे ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं." मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. बाबांनी पँट खिडकीशी नेली. टीप कुठच्या कुठे गेली होती, काही ठिकाणी तर कापडाच्या बाहेर. त्यांनी ती बराच वेळ बोटानं चाचपली. मग ते फळीपाशी गेले, तू बांधून ठेवलेले आधीचे कपडे त्यांनी एकेक करून सोडले आणि उलटे करून पाहिले. सगळीकडे हातानं घातलेले बारीक टाके. एकही टीप मशीनची नाही.

मी दारात उभा होतो. मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. त्यांना कळलं. त्यांनी मला विचारलं, "ही कधीपासून माझं शिवलेलं उसवतेय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं. तुझ्या सुनेला मात्र सगळं ठाऊक होतं. बाबा दुपारी झोपले की तू स्वयंपाकघरात ब्लेड घेऊन बसायचीस, तिनं एकदा पाहिलं होतं, आणि तू तिच्याकडून शब्द घेतला होतास. मला का नाही सांगितलंस म्हणून मी तिच्यावर चिडलो, तर म्हणाली, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरातल्या दोन बायकांनी मिळून एवढं ओझं उचललं होतं आणि मी शीळ घालत फिरत होतो. मला लाज वाटली, आई. अजून वाटतेय.

त्या दिवसापासून बाबांनी मशीनवर चादर टाकलीय. स्वतः तोंड भिंतीकडे करून बसतात. कंपवाताची गोळी पुढे केली की म्हणतात, कशाला. तुला माहीतच आहे, गोळी चुकली की त्यांचं अंग कसं लाकूड होतं. परवा त्यांना पलंगावरून उठवताना आम्हा दोघांच्या नाकी नऊ आले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. हे तुला कसं कळवायचं? तुझं ऑपरेशन गुरुवारी. आधीच दोनदा पुढे ढकललंयस, आणि तुझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की तुझं हृदय आता आणखी वाट बघणार नाही. तू आलीस तर बाबा उठतील की नाही माहीत नाही, पण तुझं ऑपरेशन राहील हे नक्की. मला दोन्हीकडून भीती वाटतेय.

काल तुझा फोन झाल्यावर तुझी सून बाबांसमोर स्टूल ओढून बसली. मी कधी तिला त्यांच्याशी इतकं सरळ बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, आईंनी ऑपरेशन दोनदा का टाळलं माहितीय? स्वयंपाक मी केला असता, आंघोळ यानं घातली असती. तुमचे कपडे कोण उसवणार, म्हणून टाळलं. तुमचं मशीन बंद पडू नये म्हणून."

मी तिला खुणेनं म्हटलं, पुरे. ती उठली नाही. शेवटी बाबांनी हात पुढे केला. तिनं त्यावर गोळी ठेवली.

आज सकाळचीही घेतली. संध्याकाळची घेतील का, सांगता येत नाही. उगाच तुला फुशारकी मारत नाही. पण मी हे लिहायला बसलो तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. कुणाला लिहितोयस, विचारलं. म्हटलं, आईला, तुमच्याकडून काय लिहू? मला वाटलं, ते पुन्हा भिंतीकडे वळणार. मग म्हणाले, "लिही, आधी बरी हो. तोवर मी शिवून ठेवतो. उसवायला मला तूच हवीस, दुसऱ्या कुणाचा हात चालणार नाही."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय, एक अक्षर बदललेलं नाही. मशीनवरची चादर अजून तशीच आहे, हेही तुला सांगतो, म्हणजे मागाहून तू मला खोटं पाडणार नाहीस.

आई, निघू नकोस. गुरुवार होऊ दे.

येऊ नकोस असं लिहून पुन्हा पुन्हा दाराकडे बघणारा,
तुझा ठोंब्या