ओट्याचं गार टोक

१९ नोव्हेंबर १९५२

दादा गेला. कोरियात, सत्तावीस सप्टेंबरला. दारूगोळ्याच्या पेट्या वाहताना. कागद मीच वाचला — घरात वाचता येणारी मी एकटीच. आई म्हणाली, "नाव नीट बघ. छ्यू माओलिनच ना?" दोनदा बघितलं.

२० नोव्हेंबर

आई रडली नाही. पण निजायच्या मातीच्या ओट्याखाली जाळ घातला नाही. घरातली चूल पेटली की तिची धग ओट्याखालून जाते, म्हणून स्वयंपाकही बाहेर शेगडीवर. ज्वारीच्या ताटांची गंजी अंगणात तशीच. दादाने शेवटच्या पत्रात कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं — "इथे धूर दिसला की विमानं येतात. भाजलेलं पीठ बर्फाबरोबर खातो. इथले डोंगर नांगराच्या कामाचे नाहीत." त्याला ऊब मिळाली नाही, म्हणून आईला नको असेल.

२८ नोव्हेंबर

दारावर 'हुतात्म्याचं घर' अशी लाल पाटी ठोकली. गावप्रमुख तोंगकाका म्हणाले, "वहिनी, यापुढे तुमची जमीन गाव नांगरेल." दादाच्या नांगराला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे! गावातल्या जमिनीच्या वाटपात तो तुकडा मिळाला, त्या दिवशी जेवायलाही घरी आला नव्हता.

जाताना काका मला म्हणाले, "सभेत वाचायला माओलिनचं चरित्र तूच लिही. भरतीला सगळ्यांत आधी कसा उठला, तिथपासून."

२९ नोव्हेंबर

तिथपासूनच लिहिता येत नाही.

३ डिसेंबर

कुठेतरी खरं लिहायला हवं.

गेल्या वर्षी जानेवारीत कोरियाला जायच्या भरतीची सभा आमच्याच घरी होती. ओट्यावर बारा जण. तोंगकाका हसत म्हणाले, "जो उठेल तो स्वयंसेवक!" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "वहिनी, पाहुणे गारठलेत, अजून घाला!" आई बिचारी चुलीत ज्वारीची ताटं घालत राहिली. दादा खिडकीकडच्या टोकाला होता. तिथे ऊब जेमतेम पोचते. आईनेच त्याला बसवलं होतं — गरम जागा पाहुण्यांची. चुलीकडचे घामाघूम.

"काय रे, अंडी उबवतोयस?"

"तू आधी ऊठ, मग माझी पिल्लं बघ!"

सगळे खिदळत होते. उठत कुणी नव्हतं.

मग ओट्यावरच्या चटईचा चुलीकडचा कोपरा धुमसायला लागला. दादा ताडकन उठला, पाण्याची किटली त्यावर रिकामी केली. "माओलिन उठला!" टाळ्या! तो किटली धरून उभाच. हसला. परत बसायची त्याला लाज वाटली. माझ्याकडे बघितलं. नावांची वही माझ्यापुढे होती.

"लिही, पोरी!" तोंगकाका म्हणाले.

लिहिलं.

आईला वाटतं, तो मनाने उठला. तिच्याच जाळापायी उठला हे कळलं, तर ती जगायची नाही.

११ डिसेंबर

चार ओळी लिहिल्या. फाडल्या.

१५ डिसेंबर

तोंगकाका आले. "अडलंय कुठे?" मी म्हटलं, हात गारठतात. "मग जाळ घाला की, वहिनी!" आई उठून बाहेर शेगडीकडे गेली.

खोटं लिहावं तर तो माझा दादा राहत नाही. खरं लिहावं तर आई पहिल्या रांगेत बसणार आहे. न लिहायची सोय नाही.

२२ डिसेंबर

घरातल्या रांजणावर बर्फ. आईचे ओठ निळे. "जाळ घालू?" — "नको."

२६ डिसेंबर

झालं लिहून. "सभेत तो सगळ्यांत आधी उठला." चटई नाही, किटली नाही. उद्या आईला वाचून दाखवायचं.

२७ डिसेंबर

वाचलं. आई म्हणाली, "चटईचं नाही लिहिलंस."

मी कागद खाली ठेवला. ती पुढे म्हणाली,

"जळकी चटई मीच शिवली ना. जाळ पोरांना ओट्यावरून उठवायला आहे, हे तोंगने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कुणाचं तरी पोर उठणारच होतं. माझं नको, म्हणून त्याला गार टोकाला बसवलं. आणि मग घातला जाळ, पोरी — अगदी हात मोकळा सोडून घातला."