कमरेतल्या तीन इंचांची बातमी

ती. दादांना,

तुमच्या या शिंपी मेहुण्याचा वाकून नमस्कार (वाकता येऊ लागलं आहे, ही आजची पहिली बातमी). गुडघा जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला हटला का? आणि गेले नऊ आठवडे तुमच्याकडे राहिलेली तुमची बहीण, म्हणजे माझी बायको, बरी आहे ना? ओघात आलं म्हणून विचारलं.

भांडणाचं तिने सांगितलंच असेल, पण माझ्याही तोंडून ऐका. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलो आणि माझ्याच पँटचं बटण उडालं. चारचौघांत हसू झालं, तेव्हा मी (जिभेला हाड नसतं, दादा) बोलून गेलो, की हिच्या हातचं खाऊन माझं पोतं झालं. ती आतल्या खोलीत काजं करत होती. बाहेर आली, कपाटातल्या कोऱ्या टेपने माझी कंबर मोजली, बेचाळीस भरली, आणि म्हणाली, "आता माझ्याशिवाय बारीक होऊन दाखवा." संध्याकाळी ती तुमच्याकडे, टेपसकट.

मीही हट्टाला पेटलो आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं, की शरीर मोठं काटकसरी असतं. गरजेपुरतं वापरतं आणि उरलेलं चरबी करून डब्यांत भरून ठेवतं. पोटात अन्न येत राहिलं की इन्सुलिन त्या डब्यांची झाकणं दाबून बसतं. खाणं कमी झालं, चालणं वाढलं की ते बाजूला होतं, चरबी सुटी होते, रक्तातून स्नायूंकडे जाते आणि तिथे जळते. मी विचारलं, जळून जाते कुठे? म्हणाल्या, बरीचशी श्वासातून, उरलेली पाण्यावाटे.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सव्वीस वर्षं तुमच्या बहिणीने न विचारता ताटात वाढलेलं मी या पोटात जपलं, आणि आता रोज सकाळी ते फू फू करत रस्त्यावर सोडतो आहे! परवा चढावर श्वास रोखून उभा राहिलो. मागून आलेल्या पोस्टमनला वाटलं मला झटका आला. त्याने कट्ट्यावर बसवून पाणी पाजलं. त्याला काय सांगणार, कपाळ? घरी जेवायला बसलो की 'पुरे' म्हणायला हात आपोआप ताटावर जातो, आणि वाढायला समोर कोणी नसतं. मला तिची फार आठवण येते.

तरी तप फळलं. दुकानातल्या टेपने कंबर एकोणचाळीस! जोशात चारही पँटी तीन-तीन इंच आत घेतल्या. एकीचंही बटण लागेना (हल्लीच्या कापडात राम राहिला नाही, आटतं). पण पेच वेगळाच आहे. मी बारीक झालो म्हणजे माझंच बोलणं खरं ठरलं, दोष तिच्याच हाताचा. मग ती परत कशाला येईल?

असो. नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला पोचवा.

तुमचा,
शिंपी मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दुकानात नवी टेप आली. जुनीला लावून पाहिली. जुनी पंधरा वर्षांत ताणून लांब झाली आहे, म्हणून माप कमी दाखवते! (त्याच टेपने माप आणि त्याच टेपने कापड, म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे नेमके बसत राहिले.) नवीने माझी कंबर साडेएक्केचाळीस. नऊ आठवडे तिच्या हातचं न खाता, उपाशी चालून, फक्त अर्धा इंच. म्हणजे दोष तिच्या हाताचा नव्हताच. दादा, हरून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दुसरा ता. क. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. तिला सांगा, पण त्या दिवशी ओट्याशी जाऊ देऊ नका. मला आधी माफी मागायची आहे, आणि तिने वाढलेलं ताट समोर आलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.